उजव्या दाराचं कुलूप

मी कासियानो युख्रा. गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. एकोणतीस वर्षं पठारावरच्या एल आल्तो शहरात हाच धंदा करतोय, आणि कुणी येऊन म्हणालं की "मिस्त्री, तुमचं कुलूप अडकलं," तर माझं डोकं फिरतं. माझं कुलूप अडकत नाही. लोक रिमोटवर बसतात, रिमोट आपीच्या, म्हणजे मक्याच्या गरम पेयाच्या, पेल्यात पाडतात, पोरांना चघळायला देतात, आणि मग बोंब माझ्या नावाने.

त्या गुरुवारी दुपारी हेच ऐकायला मिळालं. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. माझी बायको सातुका चुन्योची, म्हणजे वाळवलेल्या बटाट्यांची, पोती घेऊन पहाटेच बाजारात गेली होती, अर्धी वस्ती तिकडेच होती. ऑगस्टचा वारा सुटला होता आणि मी एका मिनीबसच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. तेवढ्यात शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्या वस्तीत प्रत्येक घरात एक शिट्टी असते, चोर दिसला की वाजवायची. मग कोपऱ्यावरची पाववाली धापा टाकत आली. म्हणाली, दोन्या एर्मिनियाबाईच्या ट्रकमध्ये चोर कोंडलाय, आत बसून कुलपाच्या खुंट्या दाबतोय, रिमोटने दार उघडत नाहीये, अध्यक्ष नेमेसियोने तुला बोलावलंय, तू लावलंस तर तूच उघड.

खोटं कशाला बोलू, मी खुशीत निघालो. टेस्टर घेतला, पक्कड घेतली, टेप खिशात टाकली. आमच्याकडे पोलीस बोलावला तर येईपर्यंत चोर घरी जाऊन जेवून झोपतो, म्हणून वस्ती आपला न्याय आपणच करते. रस्त्याच्या तोंडाशी विजेच्या खांबाला जुन्या कपड्यांचा, गळ्यात फास घातलेला बाहुला टांगलाय. त्याच्या छातीवर पाटी आहे: चोर सापडला तर जिवंत जाळू. शिडी माझ्याकडे होती म्हणून तो बाहुला मी टांगला, आणि अक्षर बरं म्हणून पाटीही मीच लिहिली. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही हसलो होतो.

ट्रकभोवती पन्नास-साठ माणसं होती. दोन्या एर्मिनिया विधवा बाई, त्या एका ट्रकवर तिचं घर चालतं. जपानी ट्रक, स्टिअरिंग उजवीकडचं काढून डावीकडे आणलेलं, आमच्याकडे येतात तसलाच. दाराची किल्ली कधीच फिरेनाशी झाली होती म्हणून मे महिन्यात तिने माझ्याकडून रिमोटचं कुलूप बसवून घेतलं. सोबत इंजिनाचा करंट तोडणारं एक चोरबटणही मी लपवून लावलं. ते कुठे आहे हे फक्त तिला आणि मला ठाऊक. चोर आत शिरला, पण ट्रक काही सुरू होईना. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. ती वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालत होती, तिने ऐकलं आणि शिट्टी फुंकली. बिचाऱ्याला पळायलाही वेळ मिळाला नाही. बाजूच्या काचांना काळी फिल्म, पुढच्या काचेला आतून झोपायचा पडदा ओढलेला. काचेलगतच्या खुंट्या तेवढ्या दिसत होत्या, आत कोण आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

"बघ," असं म्हणून एर्मिनियाने रिमोट दाबला. टक. दोन्ही दारांच्या खुंट्या वर आल्या. डाव्या दाराशी सात-आठ जण लोंबकळत हँडल ओढत होते. टक. दोन्ही खुंट्या पुन्हा खाली. तिने शिवी हासडली आणि परत दाबला. टक, टक.

ही माणसं आधीपासूनच हँडल ओढून धरत होती. हँडल ओढलेलं असताना खुंटी वर आली तरी कडी सुटत नाही, हे मला माहीत होतं. सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं.

मग मी सहज उजव्या बाजूला गेलो. तिकडे भिंत आहे, जेमतेम माणूस मावेल एवढी फट, कुणीच नव्हतं. एर्मिनियाने रिमोट दाबला, खुंटी वर आली, आणि आतून एक बोट आलं आणि त्याने ती खाली दाबली. फक्त उजवी. पलीकडे डावी आपोआप पडल्याची टक ऐकू आली.

हँडल सोडा असं सांगणार होतो, ते मी गिळलं.

आता हे समजायला धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. या कुलपात दोन मोटरी असतात, एक मालक आणि एक नोकर. मालक मोटरीची खुंटी हाताने दाबली की नोकर मुकाट्याने तेच करतो. जगात सगळीकडे मालक मोटर ड्रायव्हरच्या दारात बसवतात. पण जपानी ट्रकचा ड्रायव्हर मुळात उजवीकडे बसायचा, वायरींची सगळी जुडी त्याच बाजूला. इकडे आणल्यावर लोक स्टिअरिंग हलवतात, जुडी हलवत नाहीत. म्हणून मी मालक मोटर उजव्या दारात बसवतो. काम सरळ होतं, वायर कुठे ताणली जात नाही. बाकीचे मिस्त्री मला हसतात, कासियानो उलटा माणूस म्हणतात. एकटा पडलो तरी मी माझी पद्धत सोडली नाही. आणि ती फक्त दोघांना शिकवली. एक दरीत बस कोसळून गेला. दुसरा माझा मुलगा, लिंबर्त.

कुठलाही दुसरा चोर डाव्या खुंटीवर जीव तोडून बसला असता. हा उजवीकडे बसला होता.

लिंबर्त सहा वर्षांपूर्वी चिलीला गेला. या वस्तीत आम्ही त्यानंतर आलो, इथे त्याला कुणी ओळखत नाही. आणि त्याच्या आईच्या लेखी तो अजून तिकडेच आहे, बंदरात कामाला. पण गेल्या गुरुवारी, ती बाजारात असताना, तो दुकानात आला होता. गालफडं बसलेली, अंगावर पातळ जाकीट. दहा दिवस झाले येऊन, म्हणाला. आईला सांगू नका, काम लागलं की घरी येतो. मी त्याच्यासाठी सूप आणायला गेलो तेव्हा तो माझ्या टेबलापाशी बसला होता. त्याच टेबलाच्या खणात मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक जादा रिमोट ठेवतो, नाव लिहून. खण उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. पोटच्या पोरामागे कोण खण तपासतं?

भिंतीकडे तोंड करून मी लघवीला उभा राहिल्यासारखा उभा राहिलो आणि पोलिसांना फोन लावला. नाव सांगितलं नाही. माणूस मारतायत, या, एवढंच म्हणालो. पलीकडचा म्हणाला, गाडी मोकळी झाली की पाठवतो.

परत वळलो तर नेमेसियो समोर. नेमेसियो वस्तीचा अध्यक्ष, जुना खाणकामगार, शांत माणूस. शांत माणसाची मला फार भीती वाटते. त्याने विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हणालो, मोटरी चालवणारं कीट बिघडलंय, खालून बघावं लागेल, तोवर ओढत राहा. त्याने हँडलवरच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "सगळ्यांनी हँडल सोडा. बाई रिमोट दाबेल, मग एकदम ओढा. तुमच्या ओढण्यानेच अडकत असेल."

हुशार माणूस. दगडात आयुष्य गेलं तरी हुशार. सगळ्यांनी हात काढले. टक. एकाने हिसका दिला आणि डावं दार चार बोटं उघडलं. लोक ओरडले. कुणीतरी फटीत हात घातला. आतून दार इतक्या जोरात ओढलं गेलं की हात घालणारा किंचाळत मागे पडला. टक.

"आणखी एकदा," नेमेसियो म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो. "असं करून मोटरीचा गिअर तुटेल, मग कायमचं बसेल. पाच मिनिटं द्या मला." आणि उत्तराची वाट न बघता ट्रकच्या खाली शिरलो.

केबिनच्या तळाला, वायरी वर जातात तिथे एक भोक असतं, त्यात रबराचं बूच. मीच बसवलेलं. ते काढलं आणि तोंड वर लावलं.

"लिंबर्त."

माणसांचे पाय माझ्या तिन्ही बाजूंना, बूट, चपला, एका म्हातारीच्या घागऱ्याची किनार.

"उजवी खुंटी दाबणारा तूच आहेस. मला ठाऊक आहे."

मग अगदी भोकाजवळून आवाज आला, "ताता, हे मला जाळतील."

"नाही जाळणार."

"खांबावरची पाटी तुमच्या अक्षरात आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इतका राग आला त्याचा, त्या क्षणी, की हात पोचला असता तर थोबाडीत मारली असती. अरे गाढवा, मागितलं असतंस तर शर्ट काढून दिला असता. आणि राग पुरता येण्याआधीच रडू आलं.

"नीट ऐक," मी म्हणालो. "मी आता हे कीट जाळतोय. मग रिमोट कधीच चालणार नाही. धूर होईल, तोंडाला कापड लाव. मोटरींचा भरवसा धरू नकोस, दोन्ही खुंट्या हाताने धरून बस. पोलीस येतायत. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. आणि मला ताता म्हणायचं नाही. बाहेर आल्यावरही नाही. समजलं?"

भोकातून एक बोट खाली आलं. मी ते धरलं. बर्फासारखं गार होतं. मग बूच परत बसवलं.

ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, मिळून चोवीस व्होल्ट. कीट बाराचं. त्यामुळे एकाच बॅटरीवरून बारा उचलायचे, हे नवशिक्यालाही कळतं. आयुष्यात मी एकही कीट जाळलेलं नाही. ती लाल वायर मी बाराच्या टोकावरून काढली आणि चोवीसवर दाबून बसवली. ओरडून सांगितलं, दाबा बाई. वर फट्ट झालं. जळक्या प्लास्टिकचा वास आला, पडद्याच्या कडेने धूर येतोय असं लोक ओरडले आणि लिंबर्तचा खोकला ऐकू आला.

बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. एर्मिनियाने रिमोट वीस वेळा दाबला. काही नाही. एकाने विचारलं, मिस्त्री, तुम्ही मिस्त्री आहात की न्हावी? दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याला दिसत नाही आता, दारूही घेतो. एकोणतीस वर्षांची अब्रू एका फट्टमध्ये गेली. जाऊ दे. मी मान खाली घालून म्हणालो, चुकलं, आता दाराचा पत्रा खालून सोडवून कडीची दांडी ओढतो, वेळ लागेल.

पण लोकांचा धीर संपला होता. एकाने कुदळ आणली, काच फोडू म्हणाला. तेव्हा एर्मिनिया पायरीवर चढली आणि काचेला पाठ लावून उभी राहिली. या ट्रकची काच बाजारात मिळत नाही, तीन महिने ट्रक उभा राहील, मी काय तुझ्या घरी जेवायला येऊ का, असं तिने त्याला विचारलं. कुदळ खाली गेली. तिला चोराशी देणंघेणं नव्हतं, तिला काच प्यारी. पण त्या दुपारी मी मनात तिच्या पाया पडलो.

मग गल्लीच्या टोकाकडून एक माणूस पेट्रोलचा कॅन घेऊन आला.

तो कॅन बघितल्यावर मला कळलं मी काय करून ठेवलंय. पोरगं बाहेर ओढता येऊ नये म्हणून मी त्याला आत कोंडलं होतं. आता पेटवलं तर ते पत्र्याच्या पेटीत भाजून मरेल, आणि पेटी मी बंद केलेली. उघडलं तर हे तुडवतील, नाही उघडलं तर जाळतील. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. बायकोचं आठवलं. सातुका, म्हटलं मनात, तू बटाटे विक, इकडे येऊ नकोस.

"पेटवा," मी ओरडलो. आवाज माझाच होता, पण फाटलेला. "पेटवा की. खाली दोनशे लिटर डिझेल आहे. या भिंतीतून गॅसचा पाइप जातो, तुम्हीच टाकून घेतला. ट्रक गेला की एर्मिनियाचं घर जाईल, मग नेमेसियोचं, मग शाळा. मी वायरमन आहे, मला माहीत आहे काय कसं पेटतं. कुणाला पेटवायचंय त्याने पुढे या, मी घरी जातो."

कॅनवाला थांबला. लोक एकमेकांत बोलायला लागले. डिझेल असं पेटत नाही आणि पाइप त्या भिंतीत नव्हताच, पुढच्या गल्लीत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा कुणाला लक्षात घ्यायचं नव्हतं. नेमेसियोने कॅन हातातून घेतला आणि आपल्या दारात ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाला, "दांडी ओढ."

मी खाली झोपलो आणि पाऊण तास दांडी ओढली. कुठलीच दांडी नव्हती तिथे. पक्कड पत्र्यावर आपटत होतो, स्क्रू सोडवत होतो आणि तोच परत बसवत होतो. जमिनीतून गारठा पाठीत शिरत होता. लोक वरून शिव्या देत होते, आणि मी एकेक शिवी मोजून घेत होतो, कारण शिवी देणारा माणूस दगड उचलत नाही.

पोलीस आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चार जण, एक पिकअप. अधिकारी तरुण होता, घाबरलेला, पण कामाचा. त्याने माणसं मागे रेटली. मी त्याच्या कानात सांगितलं, उजवीकडून घ्या, भिंतीच्या फटीत गर्दी मावत नाही. मग पुन्हा खाली शिरलो, बूच काढलं आणि भोकाला तोंड लावलं.

"आता उघड."

उजवी खुंटी वर आली. लिंबर्त हात डोक्यावर ठेवून उतरला, तोंडाला जाकिटाची बाही बांधलेली, डोळे धुराने लाल. पिकअप दहा पावलांवर होती. तेवढ्यात एक दगड येऊन त्याच्या भुवईवर बसला, दोघांनी लाथा घातल्या, एका बाईने केस धरले. मी तीन पावलांवर होतो. हात खिशात घालून उभा राहिलो. खिशात टेप होती, ती मुठीत आवळली.

पिकअपपाशी नेमेसियोने त्यांना थांबवलं. चोराचं कुटुंब वस्तीतलं निघालं तर त्यांनी रात्रीच्या आत घर सोडायचं, असा आमचा नियम. त्यावर माझी सही आहे. नेमेसियोने त्याच्या तोंडावरची बाही खाली ओढली, हनुवटी धरून चेहरा सगळ्यांकडे फिरवला. कुणी ओळखतं का, विचारलं. लोकांनी माना हलवल्या. मग तो माझ्याकडे वळला.

"तू मिस्त्री, तुझ्याकडे सगळ्या वस्त्यांची माणसं येतात. ओळखतोस?"

लिंबर्त माझ्याकडे बघत होता. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते, पोलिसांनी धरले होते.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान किंचित हलवली. लहानपणी वायर बरोबर जोडली की मी अशी मान हलवायचो, शाब्बास म्हणून. मग तो नेमेसियोला म्हणाला, "हा कोण म्हातारा, मलाही माहीत नाही. पण याला कुलूप लावायला कुणी शिकवलं? दोन तास झाले, एक दार उघडता आलं नाही."

लोक हसले. खरंच हसले, एर्मिनियासुद्धा. हसता हसता हात खाली आले, आणि पिकअप निघून गेली.

सातुका अंधार पडता पडता आली. बाजारात तिला सगळी हकीकत कळली होती, इतक्या लांब बातमी पोचली होती. पोती उतरवता उतरवता ती मला हसत होती. ती मला एकोणतीस वर्षं अरे-तुरे करते. काय रे, म्हणाली, कीट जाळलंस म्हणे, आता कोण येणार तुझ्याकडे, चल माझ्यासोबत बटाटे विकायला. मी हात धूत होतो. काळं निघत नव्हतं.

मग तिने टोपी काढली, पलंगावर टेकली आणि पाय चोळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पोर कोवळं होतं म्हणत होते. फार मारलं का रे त्याला?"

"थोडं लागलं."

"असेल चोर, पण कुणाचं तरी पोर ना. त्याच्या आईला कुणीतरी कळवायला हवं. तिला वाटत असेल, आहे कुठेतरी सुखात."

नळ बंद केला. हात पुसले.

"कळवतो," मी म्हणालो.